नलिनीकाकूंचं भरलेलं सिंक

बातमी आली तेव्हा मी अमेरिकेत, एडिसन गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नऊवारी नेसून उभी होते. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती आणि माझा रडण्याचा प्रवेश काही केल्या जमत नव्हता. तेवढ्यात नलिनीकाकूंच्या मुलीचा, मुक्ताचा फोन. "वीणा, आई इज गॉन... झोपेतच." मी हंबरडाच फोडला. दिग्दर्शक टाळ्या वाजवत ओरडला, "वा! आता कसं जमलं!" नलिनीकाकू पोट धरून हसल्या असत्या. मला खोटं रडायला पहिल्यांदा त्यांनीच तर बसवलं होतं.

काकू निवृत्त डॉक्टर, राहायला जवळच्याच पिस्कॅटवे गावात. दरवर्षी त्या एक शिष्यवृत्ती देत. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्याला नव्हे, तर धर्मशिक्षण घेऊन कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पाद्री होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला. मुलाखत त्यांच्या स्वयंपाकघरात. टेबलाशी पांढऱ्या साडीत, नवरा गेला म्हणून ओक्साबोक्शी रडणारी मी. आणि माझा धडधाकट नवरा बाहेर गाडीत शेंगदाणे खात बसलेला! हे नाटक आहे, असं काकू आधीच सांगून टाकत. मग म्हणत, "आता हिचं सांत्वन कर." कोणी प्रार्थना म्हणे. एक जण इतकं सुरेख गायला की मी रडायचं विसरले आणि टेबलाखालून काकूंची लाथ बसली. काकूंचं लक्ष मात्र सिंककडे असे. तिथे सकाळपासूनची खरकटी भांडी त्यांनी मुद्दाम रचून ठेवलेली असत.

का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुक्ता तान्ही असताना त्यांचा नवरा अचानक गेला. त्या गल्लीत मराठी घर एकही नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बायका डबे घेऊन आल्या आणि त्यांचे पाद्रीही आले. पाद्री काही बोलले नाहीत. बाह्या सरसावल्या आणि साचलेली सगळी भांडी घासून ठेवली. "हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा चहा टाकला गं," काकू म्हणाल्या. "पातेलं स्वच्छ होतं ना..."

मंडळातल्या वसंतकाकांना हे कधी पटलं नाही. "नलिनी, आपली मुलं काय कमी आहेत? आणि हिंदू बाईने पाद्री कसले घडवायचे?"

"वसंता, माझे देव देवघरात मजेत आहेत. त्यांची तक्रार नाही, तुझीच का?"

काकूंच्या घरीच झालेल्या शोकसभेला हेच वसंतकाका डोळे पुसत उठले. काकूंबद्दल छान बोलले आणि शेवटी हळूच म्हणाले, "आता ही शिष्यवृत्ती सगळ्यांसाठी खुली करावी. सध्याचं वातावरण बघता, वंशाच्या नावावर काही दिलं की इथे खटले होतात, तेव्हा एकाच समाजाचं नाव नको." चार-पाच माना डोलल्या. काकूंमागे निर्णय मुक्ताचा होता आणि ती खाली बघत होती. माझ्याने राहवेना. नाटकाचा आवाज होताच, तो लावला! "काका, तुम्ही सगळे अमेरिकेत यायच्या आधी काकूंच्या घरी कोण आलं होतं? ते 'सगळे' नव्हते. त्यांना नाव होतं, चर्च होतं, रंग होता. वातावरण बघून आता आपण ते पुसायचं?"

"वीणा, तू प्रत्येक गोष्टीचा ड्रामा करतेस."

"करतेच! काकूंनी मला त्यासाठीच ठेवलं होतं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला. मुक्ता उठून आत गेली, मागोमाग मी. काकूंची पहिली विद्यार्थिनी लोरेटा, आता स्वतःचं चर्च चालवणारी पाद्री, काळ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून चहाचे कप घासत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मुक्ताने टॉवेल घेतला आणि एकेक कप पुसू लागली. शेवटचा कप मांडून म्हणाली, "वीणा, नथिंग चेंजेस. आईने ठेवलीय तशीच राहील. वसंतकाकांना सांग... किंवा नको, मीच सांगते."

यंदाची मुलाखत येत्या शनिवारी, त्याच स्वयंपाकघरात. काकूंची खुर्ची रिकामी राहील आणि मला पांढरी साडी नेसून खोटं रडायचंय... ते कितपत जमेल, सांगता येत नाही. वसंतकाकांनाही आग्रहाने बोलावलंय. सिंक मी काठोकाठ भरून ठेवणार आहे. त्यांच्यासाठी एक जास्तीची घासणीही आणलीय.