अबोलीची पडवी

मधूकाका टिपणीसांनी जन्मात हौस म्हणून केलेली गोष्ट एकच, आणि तीही सेकंडहॅण्ड. बाकी माणूस असा, की भाजीला पाठवलं तर पिशवी विसरेल आणि हातात पिशवी दिली तर भाजी विसरेल. मोहोपाड्याच्या एका केमिकल फॅक्टरीत शिफ्टा करून ते निवृत्त झाले आणि कर्जतला दहिवलीत लहानसा फ्लॅट घेऊन राहिले.

ती हौस म्हणजे घरगुती कॉम्प्युटर. फॅक्टरीतला एक इंजिनिअर परदेशी जाताना त्यांना विकून गेला होता. की-बोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, कडेला फ्लॉपी घालायची फट, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. "मी मिक्सर मागितला होता," द्वारकाकाकू म्हणाल्या. काकूंच्या पायाला भिंगरी. एवढं बोलायलासुद्धा त्या बसल्या नाहीत. पण त्यांची मुलगी अबोली, तेव्हा नऊ वर्षांची, त्या यंत्राला अशी चिकटली की मिक्सर मागे पडला.

इंजिनिअरनं दिलेल्या फ्लॉप्यांत एक छोटा प्रोग्रॅम निघाला. तो लावला की पडद्याच्या आतली जागा वाढायची. टीव्ही तेवढाच, पण आतलं मैदान त्याच्या चौपट. एका वेळी एक तुकडा दिसे; माऊसचा बाण कडेला नेऊन ढकलला की सगळं सरकून पलीकडचं पुढे येई. मधूकाका चक्रावून बाण ढकलत बसले. अबोलीला मात्र लगेच कळलं.

"बाबा, ही पडवी आहे," ती म्हणाली. खालापूरला आजोळच्या घराला पडवी होती, फॅक्टरीच्या कॉलनीतल्या क्वार्टरला नव्हती. "आपण घराला पडवी काढली."

घर पाहावं बांधून म्हणतात. टिपणीसांनी एक वीट न लावता पडवी बांधली.

मग ती सगळी जागा भरून तिनं एकच चित्र काढायला घेतलं. डावीकडे झोपाळा, त्यावर ती स्वतः. वर फणसाचं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फणसच फणस. मध्ये सायकलवर बाबा, सायकलपेक्षा बाबाच मोठे. आणि पार उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, सुपात तांदूळ निवडणारी आई. आईचं तोंड तिनं शेवटी ठेवलं होतं. "आई एका जागी बसतच नाही. बसली की काढते."

ते राहूनच गेलं. मेंदूज्वराचं निमित्त झालं आणि बघता बघता अबोली गेली. अकरा वर्षांची होती. त्यावर कुणी काय बोलायचं? ज्यांचं गेलं त्यांनाच ठाऊक.

काकूंनी जुन्या साडीचं कव्हर शिवून टीव्हीवर आणि यंत्रावर घातलं. "ही पेटी माझ्यासमोर लावायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे घरात दुसरा टीव्ही आला, हा आतल्या खोलीत गेला. दहिवलीला येतानाही तो टेंपोतून बरोबर आला. टाकून द्या, असं काकू कधी म्हणाल्या नाहीत, आणि अबोलीचं नावही घरात निघेनासं झालं.

काकू माहेरी खालापूरला गेल्या की मधूकाका गुपचूप पडवी लावत. झोपाळ्यापर्यंत जात, कोपऱ्यापर्यंत येत, आणि पुन्हा कव्हर घालून ठेवत. त्या कोपऱ्यातल्या राहिलेल्या तोंडाविषयी त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं, की पोरीनं सगळ्यांना काढलं आणि तू तेवढी राहिलीस? फॅक्टरीच्या दिवसांत, दुसरी शिफ्ट करून आल्यावर, कधीकधी ते कव्हर उलटं दिसे, शिवण बाहेर आलेली. आपलाच वेंधळेपणा, असं म्हणून काका ते सरळ करत. विसराळू म्हणून एकदा नाव झालं की माणूस दुसऱ्याच्या चुकाही आपल्याच समजतो.

सत्तरीनंतर काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडांचं दिसेनासं झालं, मधलं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. "सवय आहे," काका म्हणाले. "पडदा लहान झाला, जग आहे तेवढंच आहे. मान सरकवायची."

पण मनातून माणूस हादरला होता. उजेड पुरता जायच्या आत द्वारकेला शेजारी बसवून ते चित्र एकदा दाखवायचं, एवढीच इच्छा उरली होती. एकाच घरात दोघांनी तीस वर्षं वेगवेगळं रडायचं, याचा त्यांना आता वीट आला होता.

त्यांनी यंत्र शिळफाट्याला दुरुस्तीवाल्या जगदीशकडे नेलं. जुना टीव्हीही त्यानंच जगवला होता. जगदीशनं फ्लॉपीचं झाकण सरकवून पाहिलं.

"काका, बुरशी चढलीय. आपल्याकडची हवा आशी. यकदा चालंल, दोनदा चालंल, मंग नाय."

"दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून दे."

"उतरवायला आसलंच दुसरं मशिन पायजे. आता हे मशिन कुणाकडं हाय? तुमच्याकडं, नि तुमच्याचकडं."

तरी काकांचं धाडस होईना. आज विचारू, उद्या विचारू. गणपती झाले, दिवाळी झाली, आणि एका सकाळी खिडकी कुठे आहे हेही त्यांना कळेना. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. काकांनी चित्रापुरतंच मागितलं होतं, तेही मिळालं नाही.

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "द्वारका, पडवी लाव. मला दिसत नाही. तू बघ आणि मला सांग."

काकू उठल्या. कव्हर काढल्याचा आवाज आला. कुठलं बटण, कुठली फ्लॉपी, हे त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या.

चित्र येताना ते यंत्र आधी कुरकुरायचं आणि मग बराच वेळ घुरघुरायचं. काकांच्या कानांत तो आवाज पक्का होता. आज नुसतं टक् झालं. थोड्या वेळानं पुन्हा टक्. फ्लॉपी वाचता आली नाही की ते रिकाम्या पोटी असंच टकटकत बसे. फ्लॉपी गेली होती. पडद्यावर चित्र नव्हतं. द्वारका आता 'काही येत नाही हो' म्हणेल, म्हणून काका थांबून राहिले.

"आलं," काकू म्हणाल्या.

माऊस टेबलावर घासत गेला.

"हा झोपाळा. ही बसलीय. एका वेणीला लाल रिबीन, दुसरीची सुटलीय. वर फणस. किती ते फणस, फांदी मोडेल. आणि हे तुम्ही. सायकल कुठे दिसतच नाही, तुम्हीच दिसताय."

काकूंच्या समोर काही नव्हतं, आणि त्या सांगत होत्या त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. कव्हरची ती बाहेर आलेली शिवण काकांना आठवली. तो वेंधळेपणा त्यांचा नव्हताच.

"अजून उजवीकडे," ते कसेबसे म्हणाले. "खाली. कोपऱ्यात."

माऊस घासत गेला आणि थांबला. टक्.

"इथे मी आहे," काकू म्हणाल्या. "सुपात तांदूळ निवडतेय."

"आणि?"

"तोंड राहिलंय माझं." माऊस तिथून हलला नाही. मग म्हणाल्या, "जरा एका जागी बसायला हवं होतं हो मी."

काकांनी चाचपडत त्यांचा माऊसवरचा हात धरला. यंत्र टकटकत राहिलं. दिवेलागण झाली, दूधवाल्यानं बेल वाजवली, तरी त्या दिवशी काकू उठल्या नाहीत.