बसमधला मुलगा

आमची मुलगी जन्मली तेव्हाच तिच्यात जीव नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी मी तिचा मुलगा केला, त्याला पहिलीत घातलं, त्याचे पुढचे दात पाडले आणि हे सगळं यात्रेकरूंच्या बसमध्ये माइकवर सांगत राहिलो. माझ्यावर कोणी बळजबरी केली नव्हती.

नागापूरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोणी घेईना. बायको शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. त्यावर दोघांचं चालायचं, पण तिच्या पायाच्या मशीनचा आवाज मला दिवसभर घरात बसून ऐकवेना. ओळखीच्या एकाने सांगितलं, नगरहून देवदर्शनाच्या बस सोडणारा एक जण आहे, तो गाइडचं काम शिकवतो. मी गेलो. वाटलं होतं, किल्ला, जुन्या कबरी, देवळांचं बांधकाम असं काही शिकायला मिळेल. शाळेत मला इतिहास आवडायचा.

शिकवणारा तिशीतला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत आणि तो मला काका म्हणायचा. सुरुवातीला मी माणसं मोजली, झेंडा धरून पुढे चाललो, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवलं. उलटीच्या पिशव्या मागच्या खिडकीतून बाहेर टाकायच्या, हेही मास्तरनेच शिकवलं. मग माइक हातात आला. माइकवरचा स्पंज कधी कोणी धुतलेला नव्हता. त्याला शिळ्या तोंडाचा, तंबाखूचा वास यायचा. अजून कुठे माइक दिसला की तो वास माझ्या नाकात येतो.

मी इतिहास सांगायला लागलो की लोक डोळे मिटायचे.

"काका, तुमी फळ्यावरचं वाचून दाखवताय जणू," मास्तर म्हणाला. "कोन कधी मेला ते ऐकायला लोकं आलेत व्हय? त्यांना आपलं काय व्हनार ते पायजे. अनुभव सांगायला शिका."

अनुभव म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. शिकाऊ गाइडने डोक्यावर टोपी घालून, हातात पिशवी घेऊन इतर प्रवाशांत बसायचं. एका देवस्थानाच्या अलीकडे मास्तर माइकवर विचारणार, "इथल्या देवाचा कुनाला अनुभव हाय का, माउली?" कोणी बोलत नाही. मग आपण जरा लाजत उठायचं, माइक घ्यायचा आणि सांगायचं. बस पुढे ज्या दुकानाशी थांबते तिथे नवसाचे दोरे मिळतात, आणि त्या विक्रीत मास्तरचा वाटा असतो. त्या देवस्थानाचं नाव मी लिहीत नाही. देवाचा यात काही दोष नव्हता.

पहिल्यांदा मी गुडघेदुखी बरी झाल्याचं सांगितलं. एक बाई केळं खात होती, ती खातच राहिली. दुकानाशी चार माणसंही उतरली नाहीत.

परतल्यावर चहाच्या टपरीवर मास्तरने मला बाजूला घेतलं. "खोटं दुखनं सांगितलं की आवाज खोटा येतो, काका. घरात खरं काय दुखतंय?"

आणि मी सांगितलं. माझ्या सख्ख्या भावाशीही मी हा विषय कधी काढला नव्हता. त्या टपरीवर, प्लास्टिकच्या ग्लासातला चहा पीत मी एका परक्या माणसाला सांगून मोकळा झालो की, आठव्या महिन्यात मुलगी गेली, नंतर पुन्हा दिवस राहिले नाहीत, बायको त्यावर बोलत नाही.

मास्तरने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "हे चालंल. फक्त शेवट बदला. नवस बोलल्यावर झालं म्हना. आन् पोरगी नको, पोरगा म्हना. पोरीसाठी कोन दोरा बांधतंय?"

मी तिथून उठायला हवं होतं. मी विचारलं, "किती वर्षांचा सांगू?"

पुढच्या फेरीत मी उभा राहिलो. दवाखान्यातल्या त्या रात्रीपर्यंत सगळं खरंच होतं, त्यामुळे आवाज आपोआप भरून आला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. एक म्हातारा सीट सोडून आला आणि माझ्या पाया पडला. दुकानाशी सगळी बस रिकामी झाली. मास्तरने खूश होऊन मला पेढा दिला. मी तो खाल्ला. तो चवीला चांगला लागला, आणि आज मला जास्त किळस त्याचीच येते.

त्यानंतर मी सुधारत गेलो. फेरीगणिक मुलगा मोठा होत गेला. त्याला वरणभात आवडायचा. तो शाळेत जाताना रडायचा. दात पडल्यावर त्याने तो घराच्या कौलांवर फेकला. आमच्या खोलीला पत्रा होता, पण कौलं ऐकायला बरी वाटत. घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज काय शिकवलं?" मी म्हणायचो, "इतिहास." ती म्हणायची, "बरंय, तुमच्या आवडीचं मिळालं." आणि ताट वाढायची.

काष्टीजवळ तिचं माहेर. एकदा तिच्या आईला भेटून आम्ही काष्टीच्या आठवडे बाजारात शिरलो. ती लसूण निवडत होती, मी पिशवी धरून उभा होतो. तेवढ्यात मागून हाक आली.

"दादा! वळखलं का? तुमच्यासंगं बसमदी हुतो आमी!"

पन्नाशीची बाई होती. बरोबर नव्या लुगड्यातली सून. मी ओळखलं. दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यात जास्त रडली होती ती हीच.

"ह्या वहिनी व्हय? आगं बया, लई बरं झालं भेटल्या. पोराला नाय आनलं?"

बायकोने लसूण खाली ठेवला. "कोनाच्या पोराला?"

"तुमच्या वो! दादांनी समदं सांगितलं. आमी पन दोरा बांदलाय सुनंसाठी." बाईने शेजारच्या गाड्यावरून नारळ उचलला, पिशवीतून खण काढला आणि बायकोपुढे धरला. "तुमच्या हातानं हिची वटी भरा, ताई. तुमच्या हाताला यश हाय."

सुनेने पदर पुढे केला.

आमच्या भावकीत ओटी भरायची वेळ आली की माझ्या बायकोला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. कोणी सांगायचं नाही, तीच उठून जायची. त्या बाजारात, आयुष्यात पहिल्यांदा, कोणी आपणहून तिच्यापुढे ओटीचं सामान धरलं होतं. ते माझ्या खोट्यामुळे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय. एसटी जाईल."

मग तीच बोलली. "मावशी, मला मूल न्हाई. एक मुलगी झाली हुती. तिच्यात जीव नव्हता."

"आवं, पन दादा तर..."

"ते काय बोलले मला माहीत न्हाई."

त्या बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला वळून थुंकली. ते मला पटलं. पण नंतर तिने सुनेचा दंड धरून तिला एक पाऊल मागे घेतलं, माझ्या बायकोपासून लांब. सून पदर सावरत राहिली. लसूणवाला, नारळवाला, सगळे बघत होते. इतकी वर्षं बायको जे चुकवत आली होती, ते मी तिला भर बाजारात मिळवून दिलं.

एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर मशीनवर बसली. मी मास्तरकडे जाऊन सांगितलं की उद्यापासून येणार नाही. "काका, मनाला नका लावून घेऊ," तो म्हणाला. "तुमच्यासारखं रडायला कुनाला जमत न्हाई." त्याने कौतुकच केलं होतं. टोपी आणि पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून मी बाहेर पडलो.

बायकोची मी त्या आठवड्यात दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा म्हणालो, "चुकलं माझं, पण घरात पैसा नव्हता." तिने धागा तोडला. दुसऱ्यांदा म्हणालो, "चुकलं, पण त्या मास्तरने..."

"दर वेळी ‘पण’ कशाला लावताय?" ती म्हणाली. मग मशीन थांबवलं. "तुमी लोकांना सांगितलं त्याचा राग न्हाई मला. न्हाई म्हंजे, हाय. पण मुलगा का केला तिचा?"

तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"मी बघितलं हुतं तिला. काळेभोर केस हुते. नर्सनं फडक्यात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवलं. मी म्हनलं, त्यांना बोलवा, त्यांना बघू द्या. तुमी आलाच न्हाई."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. भाऊ दोनदा बोलवायला आला होता आणि मी उठलो नव्हतो. भावानेच तिला पुरायला नेलं. तिचं तोंड मी पाहिलंच नाही, म्हणून मला तिच्या जागी कोणालाही उभं करता आलं.

मी तिच्या मशीनपाशी जमिनीवर बसलो. "मी तिला बघायला आलो नाही," मी म्हणालो. "ती मुलगी होती, आणि मी तिचा मुलगा करून बाजार मांडला. बाजारात तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हाही मी खरं बोललो नाही. चुकलो मी. तुझा अपराधी आहे, आणि तिचाही. मला माफ कर."