सूपभर कोंडा

मोगरा मला चालत नाही. मुलीच्या लग्नात सगळ्या बायका गजरे माळून मिरवत होत्या आणि मी, वधूची आई, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नाकाला पदर लावून उभी. डोकं दुखतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर मुलुंडच्या दोन खोल्यांपासून भांडुपच्या टेकडीपर्यंत सगळंच सांगत जावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आई लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "खाण्यापिण्याचं मी बघेन, पण मालिश काही माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही." म्हणून सातव्या महिन्यातच त्यांनी बाळंतिणीची बाई ठरवून ठेवली. कोकणातली, पन्नाशीला टेकलेली, काटक. तिचा नवरा गिरणी कामगार. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून हिच्या दोन हातांवर त्यांचं घर चालत होतं. भांडुपच्या टेकडीवरून ती चालत यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

पहिला मुलगा पूर्ण दिवसांचा झाला, पण रडला नाही. डॉक्टरांनी काहीतरी कारणं सांगितली, ती माझ्या डोक्यात शिरली नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी घरी आले. मावशीला निरोप पाठवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे सकाळी अकराला ती तेलाची बाटली घेऊन दारात हजर. सासूबाईंनी तिला हळू आवाजात काय झालं ते सांगितलं आणि, आता काम नाही, असंही सांगितलं. मी आतून ऐकत होते.

"पोर नाय म्हणान बाळंतपण चुकता काय?" मावशी म्हणाली, आणि चपला काढून सरळ आत आली.

तिनं सव्वा महिना मला तेल लावलं, शेकलं, ओव्याची धुरी दिली, पोट बांधलं. पाळणा असलेल्या घरात करतात ते सगळं केलं. चौथ्या दिवशी मला दूध आलं. प्यायला कुणी नाही हे दुधाला कोण सांगणार? छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मावशीनं स्टेशनाबाहेरून मोगऱ्याचे गजरे आणले, दोरा तोडून फुलं माझ्या छातीवर पसरली आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधली. रोज ताजी फुलं आत, रोज शिळी बाहेर. आठवड्याभरात दूध आटलं. वास माझ्या अंगात राहिला तो अजून आहे.

त्या दिवसांत जो येईल तो म्हणायचा, होईल गं परत. मला एकेकाला लाटण्यानं झोडावंसं वाटायचं. मावशी एकदाही तसं म्हणाली नाही. मी रडायला लागले की ती हात न थांबवता पाठ चोळत राहायची. आई असती तर बहुधा अशीच वागली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन वर्षांनी परत दिवस राहिले. या वेळी मावशी पाचव्या महिन्यापासूनच यायला लागली, न बोलावता. माझे पाय चेपायची, पोटाला हात लावून बाळ कुठल्या कुशीला आहे ते सांगायची. मी रात्री दचकून उठते हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. कळा सुरू झाल्यावर ती आमच्याबरोबर प्रसूतिगृहात आली. तिथली आया तिला बाहेर काढायला लागली तर म्हणाली, "तिची पाठ कोण चोळतला? तू चोळतलं?" आया बाजूला सरली. मावशीनं अंगठा माझ्या माकडहाडावर असा दाबून धरला की प्रत्येक कळ त्या अंगठ्याला टेकून निघून गेली. मुलगी झाली आणि रडली. मी तिला रडूच देत होते, कितीतरी वेळ.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी सूप काढलं. आधीचं मूल गेलेलं असलं की पुढच्याला दुसऱ्या बाईच्या पदरात टाकायचं आणि बारशाच्या दिवशी सूपभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. ज्याची किंमत कोंड्याएवढी, त्याच्याकडे यमसुद्धा ढुंकून बघत नाही, असा त्यातला हिशोब. मी कपाळाला हात लावला. पण मुलीच्या बाबतीत सासूबाईंशी वाद घालायची माझी छाती झाली नाही.

पदर मात्र अशा बाईचा हवा जिची मुलं जगली आहेत. सासूबाईंनी मावशीला विचारलं, "तुमची किती?"

"चार," मावशी म्हणाली.

सासूबाईंचं समाधान झालं. ती चार कुठं असतात, काय करतात, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. पाच महिने ती बाई माझे पाय चेपत होती आणि मी तिला एवढंही विचारलं नव्हतं. सासूबाईंनी सुपातली मुलगी तिच्या पदरात घातली. मावशीनं पदर छातीशी आवळला आणि म्हणाली, "माझा झाला ह्या." रीतच होती तसं म्हणायची.

दहाव्या दिवशी शेक-शेगडी झाल्यावर माझा डोळा लागला. मुलगी टिपेला रडत होती, ते झोपेतही ऐकू येत होतं. मग एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेनंच मला जाग आली. पहिला मुलगाही असाच गप्प होता. बघते तर मावशी भिंतीला टेकून बसलेली, पोलक्याची बटणं सोडलेली, आणि माझी मुलगी तिच्या सुकलेल्या छातीला लागून डोळे मिटून चोखत होती. मावशी दचकलीसुद्धा नाही. तिच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला ते सहन झालं नाही.

राग माझ्या नाकावरच असतो. मी मुलीला ओढून घेतलं. "तुमची नाही ती. उद्यापासून येऊ नका," मी म्हणाले.

"बरां," ती म्हणाली. पोलकं लावलं, तेलाची वाटी घासून पालथी घातली आणि गेली.

बारशाला सूप कोंड्यानं भरलेलं आणि घ्यायला पदर नाही. शेजारीण पुढं झाली, पण सासूबाईंनी तिला थांबवलं. "जिच्या पदरात दिली तिच्याकडूनच घ्यायची असते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "शिपायावर खेकसतेस तशी तिच्यावर खेकसलीस ना? आता भोग." बारसं झालं. कोंडा मी एका डब्यात भरून ठेवला. माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता. पण भीतीला विश्वास लागत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. रोज अकरा वाजता मुलगी रडता रडता थांबायची आणि मान दाराकडे वळवायची. एवढ्याशा बाळाला हातभर लांबचंही धड दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी मीसुद्धा दाराकडे बघायची.

सव्वा महिना झाल्यावर मी कोंड्याची पिशवी घेऊन भांडुपला गेले. टेकडी चढताना टाके ओढत होते. मावशी दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिनं पाट सरकवला आणि एकच विचारलं, "झोपता मा बरी?"

मी हो म्हणाले. चुकलं माझं, असंही म्हणाले, पण ते इतकं पुटपुटत की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. खोलीत एक कॉट, एक स्टो, दोन ताटं, दोन पेले. तेव्हा कुठं मी विचारलं, "मावशी, तुमची मुलं?"

"नाय ती. एकाचाय वरीस भरूक नाय." हातातला खडा तिनं बाहेर टाकला. "कितकी म्हणान इचारल्यानी, मी सांगितलंय."

मी घाईघाईनं पिशवी उघडून पुढं केली. तिनं पदर पसरला, कोंड्याकडे बघितलं आणि पदर पुन्हा गोळा केला.

"आज नको गो बाय. वरीस भरूंदे तिचा. वाढदिवसाक मी येतंय, कोंडो घेतंय, तुझा तुका देतंय." मग जरा थांबून म्हणाली, "तुझो एक, माझे चार. पाच जणांच्या पाठचा ह्या चेडू. एकाचा तरी वरीस माझ्या पदरात भरूंदे."

मी नाही म्हणायला हवं होतं. कोंडा तिच्या पदरात ओतून पळत सुटायला हवं होतं. पण जिनं माझ्या छातीवर फुलं बांधली तिला मी एकदा हाकलून दिलं होतं, दुसऱ्यांदा तोंड उघडेना. भरलेली पिशवी घेऊन मी टेकडी उतरले.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. मुलगी कागदोपत्री माझी, आणि रीतीप्रमाणे अशा बाईची जिचं एकही मूल वर्षाचं झालं नाही. सर्दी झाली की मी डॉक्टरांच्या दारात. गोवर आला तेव्हा आठ दिवस मी पाठ टेकली नाही. नवरा म्हणायचा, "अगं, असं काही नसतं." मी म्हणायची, माहीत आहे. आणि पाळण्यात हात घालून श्वास बघायची. कधीकधी तर तिला उचलून घेताना, आपण दुसऱ्या कुणाची वस्तू न विचारता घेतोय, असं वाटायचं आणि मी तिला परत ठेवायची. आईनं असं करावं? पण मी केलं.

वाढदिवसाला दारात तोरण, सुपात नवा कोंडा. अकरा वाजता कडी वाजली. दारात मावशीचा नवरा उभा होता, हातात टोपी.

"मिरगाक वारली ती," तो म्हणाला. "गावाक. तिना सांगल्यान होता, वरीस भरल्यार बघून ये म्हणान."

मुलगी भिंतीला धरून उभी राहत होती. त्यानं तिच्याकडे पोटभर बघितलं. "भरला तर," म्हणाला आणि टोपी घातली. मी सूप उचलून त्याच्यामागं जिन्यापर्यंत धावले. "हे तुम्ही घ्या. तिच्या वतीनं घ्या," मी जवळजवळ ओरडले.

तो वळला. रागावला नव्हता, उलट माझी कीव आल्यासारखा बघत होता. "बापयाक पदर खय असता, बाय?" तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

कोंड्याला जाळी धरली की मी तो टाकते आणि कणीक चाळून नवा भरते. डबा फडताळात वरच्या फळीवर असतो. मुलगी विचारते, हे काय साठवून ठेवलंयस? मी म्हणते, असू दे.

मागच्या वर्षी ती बाळंत झाली. ठरवलेली बाई ऐन वेळी आलीच नाही, म्हणून मीच पदर खोचला. मी आयुष्यात कुणाला मालिश केलेली नव्हती, पण तेल हातावर घेतलं आणि हात आपोआप चालायला लागले. अंगठा बरोबर माकडहाडावर गेला. मुलीनं सुस्कारा सोडला.

"आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं," मी म्हणाले.

ती उशीत तोंड खुपसून हसली. "तुझ्या आईनं म्हण," ती म्हणाली. "म्हातारी झालीस."

मी पुन्हा तेल हातावर घेतलं. घड्याळात अकरा वाजून गेले होते. पाळण्यातलं बाळ जागं होतं आणि दाराकडे बघत होतं.