ठोक्याने उतरवलेला पूल

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. एरवी तो ठोक्या. लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून तो रोज सकाळी रुळांवरून चालायचा आणि सैल झालेली पाचर दिसली की ठोकायचा. नदीवरच्या पुलावर मात्र त्याचा पाय हमखास रेंगाळायचा. पलीकडे बायकोचं माहेर होतं. "सरकारने मला नोकरी दिली, वर सासुरवाडीपर्यंत रूळही टाकून दिले," असं म्हणून तो हसायचा.

गाडी होती इवलीशी. दोन डबे आणि एक खोकणारं इंजिन. जंगलातलं लाकूड बाजाराला न्यायला कोणे एके काळी ती सुरू झाली. लाकूड संपलं, तशी माणसं बसू लागली. चढावर ती इतकी मंदावायची की उतरून पाय मोकळे करून पुन्हा चढता यायचं. पुढे डांबरी रस्ता झाला, ट्रक आले आणि डबे ओस पडले. एके दिवशी गाडी आली नाही, ती आलीच नाही. स्टेशनमास्तर तिकिटाच्या खिडकीला फळ्या ठोकून बदलीच्या गावी निघून गेले. ठोक्या पडला हंगामी. त्याची बदली कोण करणार?

गाडी गेली तरी पूल होता. लोक रुळांखालच्या लाकडी स्लीपरवर पाय टाकत ये-जा करायचे. ठोक्याची बायकोही तशीच जायची. आईची दृष्टी गेली होती. तिला न्हाऊमाखू घालून, चार घास भरवून ती दिवेलागणीच्या आत परतायची.

मग भंगाराचा ठेकेदार आला. गंजलेले बोल्ट सोडवायला त्याला माणसं हवी होती. ठोक्या बरेच महिने रिकामा बसून होता.

"बाकी सगळं काढा, पण पुलाला हात लावू नका हो," बायको म्हणाली.

"मी नाही उतरवला तर दुसरा कोणी उतरवेल. आपली चूल पेटायला नको?"

"दुसऱ्याने उतरवला तर त्याला शिव्या घालीन. तुम्हाला कशा घालू?"

ठोक्या खाली मान घालून कामावर गेला. महिनाभरात नदीत नुसते दगडी खांब उरले.

त्या वर्षी नदी दुथडी भरून वाहत असताना एका ट्रकवाल्याने निरोप आणला, की म्हातारीचं काही खरं नाही. पूल गेल्यावर सुरू झालेली नाव पुरामुळे बंद होती. बायको तशीच निघाली. मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून, मिळेल त्या गाडीने, बाकीचं चिखलातून पायी. पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

भाऊ दारातच रडू लागला. "ताई, शेवटपर्यंत तुझ्या पावलांचा कानोसा घेत होती गं. म्हणायची, पुलावरून यायला असा किती वेळ लागतोय? पूल गेला हे तिला सांगायला माझं तोंडच उघडलं नाही."

परत आल्यावर तिने हे सगळं ठोक्याला सांगितलं, एक शब्दही न गाळता, आणि भाकऱ्या थापायला बसली. भांडली असती, ताट भिरकावलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तसं काही केलं नाही. फक्त त्या दिवसापासून कामापुरतंच बोलली.

"चल, भावाला भेटून येऊ," तो कधी म्हणायचा.

"भाऊ बरा आहे," एवढंच उत्तर.

रुळांखालची खडी लोकांनी घरांच्या पायाभरणीत घातली. स्टेशनात कुणीतरी कडबा भरला. ठोक्या दुसऱ्यांच्या शेतात राबत म्हातारा झाला आणि शेवटी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. बायकोने त्याचं सगळं केलं, आईचं करायची तसंच.

"अजून राग आहे का गं?" एका दुपारी त्याने विचारलं.

तिने फडकं पिळून त्याची पाठ पुसली.

"राग असता तर कधीच विझला असता," ती म्हणाली. "कूस बदला आता."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याभरात तो गेला. निरोप मिळूनही, मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून येणारा मेव्हणा वेळेवर पोचू शकला नाही.