उचलू नका, डोंगरावरचा मिसकॉल आहे

भर मे महिन्यात सातपुड्याचा डोंगर चढायची कल्पना माझी. आधीच कबूल करून टाकतो. पावसाळ्यात काय, चिखलदऱ्याला कोणीही जातं. भजे खातं, धुक्यात फोटो काढतं आणि ओले मोजे घेऊन घरी येतं. मला तो डोंगर उघडानागडा पाहायचा होता, सागावर पान नाही आणि दगडाला हात लावायची सोय नाही असा. अकोल्याच्या एका शाळेत मी भूगोलाचा मास्तर. पोरांना वाळवंट शिकवून शिकवून विटलो होतो. जैसलमेरला जायची ऐपत नव्हती, म्हटलं घरचंच वाळवंट पाहू.

सोबत यायला एकच माणूस तयार झाला. अमरावतीचा माझा जुना दोस्त, घड्याळं दुरुस्त करणारा. तोही बायकोला थाप मारून आला, की अकोल्याला सुटे भाग आणायला जातोय. मी म्हटलं, खरं सांगायचं ना. तर म्हणतो, "सच बोलूंगा तो घर से निकलने देंगी क्या बे?"

योजना मात्र मी झकास केली. आठ दिवस खपून नकाशा काढला, रंगीत पेन्सिलींनी. पहाटे पायथ्याचं गाव सोडायचं, दहाच्या आत पठार गाठायचं, ओढ्याकाठी झाडाखाली दुपार काढायची आणि उन्हं कलली की खाली. गूळ-फुटाणे, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. पाणी जाताना पुरेल एवढंच, कारण पुढे ओढा होताच. नकाशावर निळी रेघ होती ना!

राहिला संपर्क. त्या वर्षांत आमच्याकडे माणूस घटकाभर नजरेआड झाला तरी घरच्यांचा जीव खालवर व्हायचा. कपाशीचे दिवस वाईट होते, आणि गावागावातून बातम्याही तशाच यायच्या. आई म्हणाली, "फोन लागन अशा जागी जाशीन तं जाय. नाही तं तंगडं मोडून घरी बसवीन."

फोन आमच्या घरात मिळून दोन, दोस्ताकडे एकही नाही. एक माझ्याजवळ, दुसरा चांदूर बाजारच्या घरी, टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला. पण फोन त्या काळी बोलण्यासाठी नव्हताच, वाजवण्यासाठी होता. एक मिसकॉल म्हणजे बस मिळाली. दोन म्हणजे जेवायला येतोय, वरण वाढवा. चुकून कोणी उचललाच तर घरभर बोंबाबोंब, पोराचा बॅलन्स गेला म्हणून. याच शास्त्रावर मी आमची सुरक्षा उभी केली. दर टेकाडावरून दोन रिंगा देऊन कापायचं, म्हणजे आम्ही ठीक. संकट आलं तर कापायचं नाही, वाजू द्यायचं. आई, मोठा भाऊ आणि वहिनी यांना ओळीनं बसवून हे शिकवलं. तिघांनी मान हलवली. वर्गातली पोरंही अशीच मान हलवतात आणि पेपरात गंगा अरबी समुद्रात सोडतात, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

पहिली दोन टेकाडं मजेत गेली. दोन रिंगा दिल्या, कापला. दोस्त हिंदी गाणी म्हणत चालला होता, दोन ओळी खऱ्या, पुढच्या मनाच्या. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ओढ्यात गोटे होते. पांढरे, गुळगुळीत, लाखभर गोटे. पाण्याचा थेंब नाही.

"मास्तर," दोस्त म्हणाला, "तेरी नदी किधर गई?"

परत फिरलो. उन्हाचा नुसता भडका उडाला होता. बाटलीत तळाशी उरलेलं पाणी चहासारखं गरम. येतानाचं टेकाड पुन्हा चढताना त्याचं गाणं बंद पडलं. मग घाम बंद पडला. एका दगडावर बसला आणि मनगट कानाला लावून मला म्हणाला, "घड़ी रुक गई क्या देख." घड्याळ चालू होतं. अंगाला हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखं वाटलं. मग त्याला उलटी झाली आणि तो आडवाच झाला. माझी तर पार गाळण उडाली. हा माणूस माझ्या हौसेपायी मरतो, आणि याच्या बायकोला तो कुठं आहे हेसुद्धा माहीत नाही.

फोनला रेंज होती. घरी लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शंभर नंबर फिरवला तर टॉवर पलीकडच्या मध्यप्रदेशाचा. तिकडचा माणूस हिंदीतून जिल्हा विचारू लागला आणि मी सांगेस्तोवर रेंज तुटली. फोनमध्ये कामाचा दुसरा एकही नंबर नव्हता. मी पुन्हा घरीच लावला.

आणि घरी काय चाललं होतं? हे भावानं नंतर सांगितलं. फोन वाजला तसा तो उठला, तर आईनं त्याचा हात धरला. "उचलू नको, बह्याडा! मिसकॉल हाय त्याचा." तो म्हणाला, "आई, लंबा वाजून राहिला." तर आई म्हणे, "वर जाऊन खुश झाला असन पोट्टा. वाजू दे." पाच वेळा वाजला. पाचही वेळा माझी जन्मदाती माऊली समाधानानं मान डोलवत बसली, आणि शेजारणीला सांगितलं, पोचले बॉ पोरं, मजेत हायेत.

सहाव्यांदा कोणीतरी उचलला. वहिनी. चुलीजवळून उठून, सासूच्या हाताखालून फोन ओढून घेतला तिनं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सासूपुढं तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"बोला," ती म्हणाली. "काय झालं?"

मी रडायलाच लागलो. तिनं रडू दिलं नाही. कुठं आहात, खालचं गाव कोणतं, कोणत्या वाटेनं, एकेक विचारून घेतलं. "सावलीत न्या त्याहीले. अंगातलं काढा. उरलंसुरलं पाणी पाजू नका, दुपट्टा ओला करून छातीवर टाका. वारा घाला. जीप पाठवून राहिली मी. फोन हातातून ठेवू नका, मी लावत राहीन."

दर दहा मिनिटांनी तिनं फोन लावला. बॅलन्सची आयमाय करून टाकली त्या दिवशी. भाऊ शेजाऱ्याची जीप आणि बर्फाची लादी घेऊन पायथ्याला आला, गावातल्या चार जणांनी खाटेवर घालून दोस्ताला उतरवलं. परतवाड्याला सलाईन लागली. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले आणि पहिली मला शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी आईवर तुटून पडलो. "पाच फोन, आई! पाच! मरत होता तो!" आई पदर तोंडाला लावून बसली होती. "मले काय मालूम बापा," एवढंच म्हणत होती. मग वहिनीकडे वळून तिनं विचारलं, "तुले कसं समजलं वो?"

वहिनी भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्या भावाचा असाच आला होता. दुपारी. म्या म्हटलं मिसकॉल हाय, सांजेले लावीन."

भाऊ दारात होता, तिथंच थांबला.

"सांजेले लावला," ती म्हणाली. "मंग कोनी उचललाच नाही."

तिच्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं शेतातच औषध घेतलं होतं. आम्ही सगळे मातीला गेलो, तेराव्याला गेलो, परत आलो आणि कापसाच्या भावावर बोललो. तिला काही सांगायचं असेल, असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मला माझीच शरम वाटली.

आई उठली, वहिनीच्या पुढ्यातली परात ओढून घेतली आणि स्वतः भाकरी थापायला बसली.