मामाजींचा मिलिटरी रेडिओ

आमच्या घरात जुना रेडिओ ठेवायचा की नवा ट्रान्झिस्टर घ्यायचा हा वाद निघाला, तेव्हा मी ट्रान्झिस्टरच्या बाजूने होते. अर्थात मनातल्या मनात. माहेरी गोंदियाला माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण लग्न होऊन बालाघाटला निघाले तेव्हा आईने बजावलं होतं, सासऱ्यासमोर पदर डोक्यावर आणि आवाज पोटात. ते मी इतकं मनावर घेतलं की मांजरालाही कुजबुजून हाकलत असे. मांजर काही जात नसे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी भरवेलीच्या खाणीत कॉम्प्रेसरवर होते. दगडात भोकं पाडणाऱ्या यंत्रांना हवा पुरवणारं ते धूड; त्याच्या धडधडीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. नोकरी संपली आणि त्यांनी रेडिओ धरला. लढाईनंतर निकालात निघालेलं लष्करी सामान जबलपूरच्या बाजारात विकायला यायचं, तिथून एका ओळखीच्या माणसाने तो आणून दिला होता. लोखंडी पेटी, हिरवा रंग जागोजागी उडालेला, पुढे बटणंच बटणं, आणि वजन असं की उचलायचं तर दोन गडी लागावेत. अंगणातल्या चिंचेपासून छपरापर्यंत एक तार ताणलेली, दुसरी तुळशीजवळ जमिनीत पुरलेली. उन्हाळ्यात जमीन सुकली की स्टेशनं रुसायची, म्हणून तिथे मिठाचं पाणी ओतावं लागे. ते काम आत्याबाईंचं. "तुळशीले एक तांब्या अन् रेडिओले एक तांब्या," त्या म्हणायच्या, "देव कोणता पावते ते पाहू."

त्या रेडिओला बाहेर आवाज नव्हता, वादाचं मूळ तेच. कानाला लावायचे दोन फोन होते, बस्स. मामाजी ओसरीत पाटावर बसून ते चढवायचे आणि तास न् तास जगाच्या बातम्या ऐकायचे. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज करायचा, कुठे काय झालं असेल.

आमचे हे चिडायचे. "बाबा, घरात रेडिओ असून मी बातम्या पानठेल्यावर ऐकतो! अन् लाइट गेली का तुमचा डबा मुका."

"तुह्या त्या खोक्यात दोन स्टेशनं एकमेकाच्या अंगावर बसते," मामाजी म्हणायचे. "यात पाह्य, केसभर फिरवलं का एक जाते, दुसरं येते. फौजेचं काम आहे हे."

हे बोलणं सगळं ओरडून चालायचं. आमच्या घरात मामाजी, हे आणि आत्याबाई एकमेकांशी ओरडूनच बोलत. खाणीतल्या माणसांची घरं अशीच असतात, असं मी धरून चालले होते. ओरडत नव्हते ती एकटी मी.

माझं ट्रान्झिस्टरवर मन बसलं होतं ते गाण्यांसाठी. चामड्याच्या पिशवीतला तो सुटसुटीत डबा चुलीपाशी ठेवता येतो, विहिरीवर नेता येतो, त्यात तीन-चार बँड असतात, हे सगळं मला यांनी सांगितलेलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझा जीव भलतीकडेच गुंतला होता.

लग्नाआधी मी मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं केलं होतं. तिथल्या माझ्या जुन्या बाईंनी निरोप धाडला होता की लामत्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला बाई हवी आहे. सकाळी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने जायचं, संध्याकाळी परत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते थांबतील, मग दुसरी बाई पाहतील. निरोप ऐकून मला दोन दिवस झोप लागली नाही. मला शिकवायचं होतं. कुणी ऐकायला समोर बसलंय आणि मी मोकळ्या आवाजात बोलतेय, या नुसत्या कल्पनेने बरं वाटायचं.

"मले काही नाही," हे म्हणाले. "पण बाबांले विचार. त्यांनी हौ म्हणलं का झालं."

मग एका दुपारी मामाजी जेवायला बसले असताना मी विचारलं. त्यांच्याशी बोलायची माझी तेवढीच वेळ होती, वाढायची. भाताचं पातेलं हातात, पदर कपाळापर्यंत, मान खाली. सुनेने बोलावं तशा आवाजात मी म्हटलं, "मामाजी, लामत्याच्या शाळेत जागा आहे. मी जाऊ का नोकरीले?"

मामाजींनी मान वर केली नाही. ताटावर आडवा हात धरला, हलवला आणि कढी ओरपायला लागले.

त्या दिवशी मी भांडी अशी घासली की शेजारीण विचारायला आली, काय फुटलं म्हणून. नाही तर नाही म्हणावं! माणसाला तोंड दिलंय ते काय फक्त कढीसाठी? रात्री यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बाबाच्या शब्दापुढं मी काय बोलू?" "शब्द होता कुठे?" मी म्हटलं, "नुसता हात होता." पण हातही पुरेसा होता. तसं पाहिलं तर मामाजी माझ्याशी कधीच बोलत नसत. चहा ठेवला म्हटलं तरी वर पाहायचे नाहीत. मी त्यांना पसंत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखून बसले होते. हातावर हात ठेवून गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, पण सासऱ्यापुढे कुणाचा स्वभाव चालतो?

दिवाळी जवळ आली तशी इकडे यांनी एका दुकानातून ट्रान्झिस्टर आणला. विकत नाही, वापरून पाहायला. दुकानदार म्हणाला होता, "चार दिन घर में बजाओ. सबको पसंद आए, तब बात करेंगे." यांनी तो मामाजींच्या मांडीवर ठेवला, चकती फिरवायची कशी ते ओरडून सांगितलं, आणि कामावर गेले.

मी ओसरी सारवत होते. मामाजींनी ट्रान्झिस्टर लावला. नागपूरच्या केंद्रावर कुणी बाई छान गात होती. मी हात थांबवून ऐकायला लागले. मामाजींनी डबा उलटा करून पाहिला, सुलटा केला, हलवला. मग आवाज वाढवला. आणखी वाढवला. बाईचं गाणं फाटून किंचाळी झाली तरी ते चकती पिळतच होते. रस्त्यापलीकडून शेजारी ओरडले, "अरे बाप्पा, लग्न आहे का तुमच्या घरी?" मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डब्याला कान लावून ते चिडून स्वतःशीच म्हणाले, "मेलं हे बोलतच नाही नीट."

मी शेणाच्या हातांनी तशीच उभी राहिले.

ते परसात गेले तेव्हा मी हात धुऊन जुन्या रेडिओपाशी गेले. तो चालूच होता, सकाळपासून तापत पडलेला. कानाचे फोन उचलून कानाशी नेले, आणि दचकून खाली टाकले. बातम्या देणारा माणूस त्यात असा गरजत होता की माझं कान-डोकं एक झालं. असा आवाज मामाजी रोज दोन्ही कानांत घालून शांतपणे बसायचे.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. आत्याबाई ओरडायच्या, हे ओरडायचे, खाणीतले जुने सोबती यायचे ते तर भांडल्यासारखे बोलायचे. त्यांचं सगळ्यांचं मामाजींना कळायचं. घरात हळू बोलणारं एकच माणूस होतं. त्याला तसं बोलायला त्याच्या आईने शिकवलेलं होतं, आणि त्यालाच उत्तर मिळत नव्हतं.

मी आत्याबाईंना विचारलं, "मामाजींले ऐकू कमी येते का वो?"

"ऐकू येते सारं," आत्याबाई म्हणाल्या. "जे कामाचं नाही थे ऐकत नाही. आपल्या मनाचा राजा आहे थो."

मामाजींच्या जवळ जाऊन ओरडावं? सुनेने सासऱ्यावर ओरडलं असतं तर अख्खी आळी जमली असती, आणि खरं म्हणजे माझ्या घशातून आवाज निघालाच नसता. इतक्या वर्षांची सवय. विचार करता करता मला लग्नातला उखाणा आठवला. नवरी लाजून चूर, ओठांतल्या ओठांत नाव घेते, तिच्या शेजारणीला ऐकू येत नाही. पण तोंडापुढे माइक धरला की मांडवाबाहेरच्या बैलांनासुद्धा कळतं नवऱ्याचं नाव काय ते.

लग्नाचे भोंगे लावणारा एक जण यांचा दोस्त होता. यांना मी सगळं सांगितलं. आधी हे हसले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन आले. "भाभीजी, माइक तर आहे," तो म्हणाला, "पण या रणगाड्याले जोडू कसा?" त्याने मागचं झाकण उघडलं, आत काचेचे दिवे लागलेले पाहून खूश झाला, आणि बराच वेळ चाचपडून माइकची तार कुठेतरी डाग देऊन जोडली. ट्रान्झिस्टरला नाही का जोडता येणार, असं यांनी विचारलं. "त्याचा जीव केवढा," तो म्हणाला. "याले ताकद आहे."

मामाजी हे सगळं संशयाने पाहत होते. रेडिओ मोडायला बसलेत असंच त्यांना वाटलं. यांनी ओरडून सांगितलं, "बाबा, फोन लावा कानाले!" त्यांनी लावले. माइक माझ्या हातात आला. आत्याबाई दाराशी, हे खांबाशी. मी पदर सारखा केला, आणि इतकी वर्षं ज्या आवाजात बोलत आले त्याच आवाजात म्हटलं, "मामाजी, चहा ठेवू का?"

मामाजींनी चमकून रेडिओकडे पाहिलं. मग दाराकडे, मग रस्त्याकडे.

"हे कोण बोलून राह्यलं?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला रोज पाहिलं होतं, पण ऐकलं नव्हतं. "सूनबाईचा आवाज असा आहे होय," ते म्हणाले. "गोड आहे. बोल ना अजून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि माझा मूळ स्वभावही परत आला. बोल म्हणतात ना, मग बोलते.

"मामाजी, लामत्याच्या शाळेत जागा आहे. मी जाऊ का नोकरीले?"

"काहून नाही? जाय की. पण हे आजच काहून विचारून राह्यली?"

"तुम्ही जेवत होते तवा विचारलं होतं. तुम्ही हात हलवून नाही म्हणलं."

मामाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांचीच दया आली.

"तुह्या हातात पातेलं होतं ना वो माय," ते म्हणाले. "मी भाताले नको म्हणलं."

आत्याबाई हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. हे परसात गेले. बऱ्याच वेळाने आले ते तोंड धुऊन.

ट्रान्झिस्टर परत गेला. दुकानदाराला वाईट वाटलं असेल, पण मी मात्र त्या डब्याची आजही ऋणी आहे. तो आमच्या ओसरीत मामाजींच्या मांडीवर बसून हरला नसता तर मी जन्मभर एका भल्या माणसावर रुसून राहिले असते. आणि त्या लोखंडी धुडाचे उपकार तर मी फेडूच शकत नाही. कुठल्या फौजेने कुठल्या लढाईसाठी बनवलं होतं कुणास ठाऊक, माझी लढाई त्याने जिंकून दिली.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झाले. पहिल्या दिवशी मुलींपुढे इतकी बोलले की घसा बसला. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आले तेव्हा बातम्यांची वेळ झाली होती. मामाजी कानाला फोन लावून पाटावर बसलेले, पण बातम्या लावलेल्या नव्हत्या. समोर दुसरा पाट मांडून ठेवला होता. मी पाय धुऊन येईपर्यंत ते थांबले. मग माइक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सांग."