बारा संगणकांची पंगत

जगातला कुठलाही गोंधळ पंगत बसवली की मिटतो, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या जाऊबाईंचा भाऊ. तसे ते नात्यानं माझे कुणी लागत नाहीत. पण सारं नांदुरा गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागले. भाऊंना उभा माणूस बघवत नसे. त्यांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी सतरंजी, मग पाणी, मग "काय बिघडलं?" एकदा शेगावच्या वाटेवर आमची एसटी बंद पडली. लोक कंडक्टरच्या अंगावर धावून जायला लागले, तर भाऊंनी सगळ्यांना लिंबाखाली समोरासमोर दोन ओळींत बसवलं, प्रत्येकाची शिदोरी गोळा केली आणि वाढायला सुरुवात केली. "वाद करून राह्यले बे! मीठ आलं का पानावर?" गाडी दुरुस्त होऊन ड्रायव्हर हाका मारत होता, तरी कुणी उठेना. कारण एका म्हातारीची वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फिरत होती.

मी मूळची गुहागरकडची. वडील गेले आणि नववीतच शाळा सुटली. लग्न होऊन इतक्या लांब, वऱ्हाडात आले, तेव्हा इथलं बोलणं कळेना, तिखट सोसेना, आणि उन्हाळ्यात तर वाटायचं की आपण तव्यावरच राहायला आलो आहोत. त्यात यजमान कामाला होते ती सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली. मला पतसंस्थेत पावत्या लिहायचं तात्पुरतं काम भाऊंनीच मिळवून दिलं. मुलाखतीला माझ्याआधी तेच बोलले, आणि इतकं बोलले की माझ्यावर बोलायची वेळच आली नाही. ते काम गेलं असतं तर आम्हांला बिऱ्हाड मोडून माझ्या भावाच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं. वहिनी काही म्हणाली नसती. तिचं ते काही न म्हणणं मला जास्त भिववत होतं.

आणि अशात संस्थेनं बारा संगणक घ्यायचं ठरवलं! अध्यक्ष म्हणजे मोठे बागायतदार. त्यांनी सरळ सांगितलं, "उद्घाटनाच्या दिवशी बाराही चालू झाले, तर आपलीच माणसं त्यावर बसतीन. नाई झाले, तर नागपूरची कंपनी तिची माणसं घेऊन येईन." आम्ही तात्पुरत्या सहाजणी एकमेकींकडे बघत राहिलो.

संगणक बसवायचं काम भाऊंनी घेतलं होतं. नागपूरला जाऊन ते त्याचा कोर्स करून आले होते आणि आल्यापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. त्या काळी नवा संगणक कामाला लावायचा म्हणजे त्याच्यासमोर बसून एकामागून एक फ्लॉप्या भरवायच्या. एकेका यंत्राला अख्खी दुपार जायची. भाऊ म्हणाले, "हे काय लहान लेकरू आहे काय घास भरवाले? आपण पंगत बसवू!" त्यांनी एक मोठा संगणक आतल्या खोलीत ठेवला आणि त्याला नाव दिलं मुदपाकखाना. लागणारं सगळं त्यात एकदाच भरून ठेवलं. बाहेरच्या बारांना वायरीनं जोडायचं, नुसतं बटण दाबायचं. नवं यंत्र जागं झालं की आपणच आत विचारणार, 'माझ्यासाठी काय?', आणि मुदपाकखाना आपण होऊन क्रमानं वाढत जाणार. आधी चालायची अक्कल, मग मराठी अक्षरं, मग छपाई, आणि शेवटी खातेदारांचे हिशेब. "मिठाच्या आधी बुंदी वाढली की पंगत बिघडते, बाई. तसंच आहे हे."

सगळी खोकी उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच उघडायची, असा अध्यक्षांचा हुकूम होता. म्हणून तोवर भाऊंनी बारांतली तीन-चारच यंत्रं मागून घेतली आणि दर वेळी ती पुन्हा कोरी करून रंगीत तालीम केली. काय ती तालीम! पडद्यावर अक्षरं धावायला लागली की भाऊ मांडीवर थाप मारायचे. एखादं यंत्र अडलं तर त्याच्या कानाशी, म्हणजे मागच्या जाळीशी तोंड नेऊन म्हणायचे, "लाजू नको बे, माग! घरचंच आहे." एक यंत्र वारंवार रुसायचं. त्याचं नाव पडलं जावई, आणि त्याच्यापुढे भाऊंनी मला रांगोळी काढायला लावली. मी म्हटलं, "भाऊ, मला इंग्रजी येत नाही, मी काय करू याच्यावर?" तर म्हणाले, "त्याले तरी कुठं वऱ्हाडी येते? दोघं मिळून शिका."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये झेंडूच्या माळा, बारा टेबलं दोन ओळींत समोरासमोर, प्रत्येकामागे एकेक माणूस. सहाव्या टेबलाशी मी. भाऊंनी आदल्या दिवशी वायरमनकडून सगळ्यांचं मिळून एकच बटण करून घेतलं होतं. कारण कुणाच्या पानावर आधी आणि कुणाच्या मागून, हा अन्याय त्यांना जन्मात सहन झाला नव्हता. नारळ फुटला. अध्यक्षांनी बटण दाबलं. बाराही पडदे एकदम उजळले! टाळ्या! भाऊंनी टोपी हवेत उडवली.

आणि सगळं थांबलं. बाराजणांनी एकदम हात पुढे केले होते, आणि आतला एकटा वाढपी गांगरून गेला होता. पडदे काळे आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. टाळ्या विरल्या. अध्यक्ष म्हणाले, "काऊन हो भाऊ? काई होऊन राह्यलं नाई."

भाऊ हॉलच्या मधोमध उभे होते. नजर एकदा आतल्या खोलीकडे, एकदा पडद्यांकडे. पानं मांडलेली, पाहुणे बसलेले आणि वाढायला काही नाही! मला तर वाटलं, माझ्याच हातून काही दाबलं गेलं, माझ्यामुळेच सगळं अडलं. घाबरून मी टेबलाखाली वाकले आणि माझ्या यंत्राची पिनच उपटली. माझं बघून शेजारणीनं तिची उपटली. तिचं बघून समोरच्यांनी. बघता बघता अर्धी पंगत अंधारात गेली. आणि तेवढ्यात पहिल्या टेबलावर अक्षरं धावायला लागली! मग दुसऱ्यावर!

"उठवा!" भाऊ असे ओरडले की माळेतला एक झेंडू गळून पडला. "बाकीच्यांले उठवा! दोघादोघांले बसवा! वाढपी एक अन् पाहुणे बारा, माह्या ध्यानात कसं नाई आलं! साहेब, तुम्ही भाषण करा. मोठं करा!" अध्यक्षांना एवढंच हवं होतं. त्यांनी कापसाच्या भावापासून सुरुवात केली. इकडे भाऊ ओळीतून पळत होते, दोन झाले की पुढच्या दोघांच्या पिना लावत होते. "आलं का? छपाई आली? बस, पुढं!" भाषण सरकीवर येईपर्यंत अकरा झाले, आणि टाळ्यांच्या सुरुवातीला जावईसुद्धा सरळ झाला.

भाषण संपवून अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले. "पहिली पिन तू काढली नं, बाई? किती शिकली तू?"

नववी म्हणायचं की खोटं बोलायचं, हेच मला ठरवता येईना. भाऊ घाम पुसत मध्ये आले. "साहेब, पानावर बसलेल्याले कोणी शिक्षण इचारते का?"

अध्यक्षांनी भाऊंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "नाई इचारत. बसू द्या."

त्या दोन शब्दांवर मी तिथं बसले ती बसलेच. पुढं शेगावला शाखा झाली, लोणारला झाली. मी भाऊंबरोबर एसटीनं खोकी घेऊन जायची आणि नव्या पोरींना पहिलं बटण दाबायला शिकवायची. मग काळ बदलला. आता यंत्रं मोहोरबंद येतात. वायर लावली की कुठून कोण जाणे, आपलं आपण सगळं मागून घेतात, शंभर एकदम बसली तरी अडत नाहीत. भाऊंना कुणी बोलावेना. दुकान बंद झालं, आणि मुलानं त्यांना कायमचं पुण्याला बोलावलं.

मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडी आली, भाऊ चढले, खिडकीशी बसले. नेहमीसारखे सहप्रवाशांना सरकवतील, काही वाटायला काढतील असं मला वाटलं होतं. पण ते पिशवी मांडीवर धरून नुसते बसून राहिले. मग गजांपाशी तोंड आणून हळूच म्हणाले, "बाई, तू इतक्या लांबून आली होती. पयले दिवस कसे काढले वं?"

मी म्हटलं, "काही नाही करावं लागत, भाऊ. कोणी ना कोणी भेटतेच."

"हाव?" ते म्हणाले. त्यांना ते पटलं असावं. गाडी हलली. मी हात हलवत राहिले, आणि पुण्यात असं कोणी भेटतं की नाही, ते मला कुठं ठाऊक होतं.